कळपामागचा मेंढपाळ

लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागात एंजेलस टेंपल नावाचं चर्च आहे. १ जानेवारी १९२३ रोजी ते उघडलं तेव्हा आत पाच हजारांवर माणसं बसायची सोय होती. ते उभारलं एमी सेंपल मॅकफर्सन या बाईंनी. एकदा या बाई प्रवचनाला आल्या त्या थेट मोटारसायकलसह. अंगावर वाहतूक पोलिसाचा गणवेश. फटफटी मंचावर थांबवली, शिट्टी फुंकली, हात वर केला आणि समोरच्या गर्दीला दरडावलं की थांबा, नरकाच्या रस्त्याने फार वेगात चाललात! हॉलिवूड शेजारीच असल्यामुळे नेपथ्य, दिवे, वेशभूषा यांची ददात नव्हती. १९२४ मध्ये बाईंनी स्वतःचं रेडिओ केंद्रही काढलं.

त्याच दशकातली दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. टेनेसी राज्यात १९२५ मध्ये कायदा झाला की सरकारी शाळेत माणसाच्या उत्क्रांतीचा सिद्धान्त शिकवायचा नाही. या कायद्याला आव्हान देणाऱ्याचा खटला आम्ही लढवू, अशी जाहिरात नागरी स्वातंत्र्यवाल्यांनी दिली. डेटन नावाच्या आडगावातल्या काही पुढाऱ्यांनी औषधाच्या दुकानात बसून ठरवलं की खटला आपल्याच गावात होऊ द्यावा, तेवढंच गावाचं नाव होईल. जॉन स्कोप्स हा चोविशीतला शिक्षक आरोपी व्हायला तयार झाला. जुलैच्या उकाड्यात खटला उभा राहिला. सरकारच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेले. विरुद्ध बाजूला नावाजलेले वकील क्लॅरेन्स डॅरो. शिकागोच्या रेडिओने सुनावणी थेट प्रक्षेपित केली. रस्त्यावर पाव, सरबत आणि कपडे घातलेली माकडं. डॅरोंनी ब्रायनना साक्षीला बोलावून बायबलमधल्या योनाच्या माशापासून सूर्य थांबण्यापर्यंत एकेका गोष्टीवर खोदून विचारलं. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला; तोही पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला. खटला संपल्यावर पाचव्या दिवशी ब्रायन वारले.

कागदावर जिंकलेला हा खटला बायबलवादी लोकांनी लोकांच्या नजरेत मात्र हरला. एच. एल. मेंकेनसारख्या पत्रकारांनी त्यांची अशी टर उडवली, की अमेरिकेच्या सुशिक्षित वर्गात ‘फंडामेंटलिस्ट’ म्हणजे गावंढळ हे समीकरण कायमचं बसलं. ब्रायन हे कामगारांच्या बाजूचे, स्त्रियांच्या मताधिकाराचे पुरस्कर्ते, साम्राज्यवादाचे विरोधक होते, आणि उत्क्रांतीला त्यांचा विरोध असण्यामागे ‘बळी तो कान पिळी’ या तत्त्वाची भीतीही होती. हे आता कोणाला आठवत नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत डेटनला प्रकरण मिळतं आणि मॅकफर्सनबाईंना तळटीप. माझ्या मते हे उलट हवं होतं. गेल्या शंभर वर्षांत इव्हँजेलिकल लोकांनी आधुनिक संस्कृतीशी जो व्यवहार केला, तो कोर्टातल्या ब्रायनपेक्षा फटफटीवरच्या बाईंच्या धाटणीचा आहे. संस्कृतीला शिव्या घालायच्या आणि तिची साधनं मात्र सगळ्यांच्या आधी उचलायची. या उचलेगिरीची किंमत काय पडली, हा या लेखाचा विषय.

मराठी वाचकाला ख्रिस्ती म्हटलं की वसईचे कॅथलिक आठवतात, नाहीतर नगरकडचे प्रॉटेस्टंट. इव्हँजेलिकल हा यांच्याइतका वेगळा काढून दाखवता येईल असा पंथ नाही. प्रॉटेस्टंट घरातली ती एक वृत्ती आहे. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये तिच्या चार खुणा सांगितल्या आणि त्या आजही सगळे वापरतात: बायबलला अंतिम प्रमाण मानणं, ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मरणाला श्रद्धेच्या मध्यभागी ठेवणं, प्रत्येकाचा स्वतःचा ‘नवा जन्म’ व्हायला हवा हा आग्रह, आणि गप्प न बसणं. नवा जन्म म्हणजे काय, तर नुसतं ख्रिस्ती घरात जन्मून भागत नाही, अमुक दिवशी मी येशूला शरण गेलो असं सांगता आलं पाहिजे. महाराष्ट्राशी या वृत्तीची गाठ फार जुनी आहे. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी याच वृत्तीतून उसळलेल्या धार्मिक लाटेचे अपत्य. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे नगरला शाळा काढल्या, ‘ज्ञानोदय’ काढलं. धर्मांतराच्या वादात आपल्याकडे हा सगळा पट एका शब्दात गुंडाळला जातो. त्या वादाला इथे हात घालत नाही; पण आपल्याकडच्या चर्चेत ज्यांना ‘मिशनरी’ म्हणून एकाच रंगात रंगवतात, त्यांचं मूळ घर कसं बदलत गेलं ते तरी पाहू.

डेटननंतर ही मंडळी गायब झाली असं बाहेरच्यांना वाटलं. ती गायब नव्हती, बांधकामात गुंतली होती. बायबल कॉलेजं, उन्हाळी शिबिरं, प्रकाशनसंस्था, रेडिओ. चार्ल्स फुलर यांचा रविवारचा रेडिओ कार्यक्रम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशभर घरोघरी ऐकला जायचा. १९४२ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९४७ मध्ये कार्ल हेन्री या तरुण धर्मशास्त्रज्ञाने एक छोटंसं पुस्तक लिहून आपल्याच लोकांना टोचलं, की वंशद्वेष, युद्ध, मजुरांची पिळवणूक यांवर तुम्ही तोंड उघडत नाही, मग तुमच्या सुवार्तेत जगासाठी आहे काय? प्रश्न चोख होता. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मग आले बिली ग्रॅहम. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी मोठा तंबू ठोकला. तीन आठवड्यांची सभा आठ आठवडे चालली, कारण हर्स्ट साखळीच्या वृत्तपत्रांनी त्यांना पहिल्या पानावर उचलून धरलं. उंचापुरा देखणा माणूस, खणखणीत आवाज, हातात उघडं बायबल आणि बोलण्यात एकच मागणी: उठा आणि पुढे या. जानेवारी १९५६ मध्ये ते भारतात आले. मुंबईत पोचले तेव्हा शहर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने पेटलेलं होतं. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा नुकतीच झाली होती, रस्त्यांवर गोळीबार चालू होता. ग्रॅहम यांची सभा रद्द करावी लागली. त्यानंतर वर्षभराने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांची सभा सोळा आठवडे चालली आणि तिथे त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना प्रार्थनेसाठी मंचावर बोलावलं. १९५३ मध्ये चॅटनूगा इथे काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणारे दोर त्यांनी स्वतः काढले होते. किंग रस्त्यावर उतरले तेव्हा मात्र ग्रॅहम दूर राहिले. माणसाचं हृदय बदललं की समाज बदलेल, ही त्यांची श्रद्धा. हेन्रींच्या प्रश्नाला हे अर्धंच उत्तर होतं, पण गर्दी याच उत्तराला जमत होती.

*

साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिप्पी पोरं येशूकडे वळू लागली. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलचे पाळक चक स्मिथ हे चाळिशी ओलांडलेले, टक्कल पडलेले, सरळमार्गी गृहस्थ. त्यांच्याकडे लॉनी फ्रिझबी नावाचा विशीही न गाठलेला मुलगा आला. लांब केस, दाढी, गळ्यात मणी. रविवारच्या शाळेतल्या चित्रातला येशूच जणू उठून आला होता. त्याच्या मागोमाग शेकडो पोरं अनवाणी, समुद्राच्या वाळूने आणि डांबराने बरबटलेल्या पायांनी चर्चमध्ये शिरली. जुन्या सभासदांची कुरकुर सुरू झाली, कारण गालिचा नवा होता. कोणीतरी दारावर पाटी लावली, अनवाणी येऊ नये. स्मिथनी पाटी काढली आणि कार्यकारिणीला सांगितलं, गालिच्यामुळे एकही मूल बाहेर राहणार असेल तर गालिचा उपसून टाकू.

या प्रसंगाची इव्हँजेलिकल लोक आजही आठवण काढतात, आणि काढावी अशीच ती आहे. याच पोरांनी गिटार घेऊन चर्चमध्ये गाणी म्हटली आणि पाश्चात्त्य उपासनेचा चेहरा दहा वर्षांत पालटला. २१ जून १९७१ च्या ‘टाइम’ने मुखपृष्ठावर रंगीत येशू छापला. १९७२ मध्ये डॅलसच्या कॉटन बोल मैदानात ऐंशी हजारांच्या आसपास तरुण जमले, त्या मेळाव्यात जॉनी कॅशही गायले. मात्र फ्रिझबीचं नाव या कहाणीतून हळूहळू पुसलं गेलं. तो समलैंगिक होता. १९९३ मध्ये एड्सने वारला. २०२३ मध्ये या चळवळीवर निघालेल्या चित्रपटात तो पुन्हा दिसला, पण ती बाजू वगळून. गालिचा काढला खरा, सगळाच नाही.

गिटारीमागून धंदा आला. लॅरी नॉर्मनने १९६९ मध्ये येशूवरचा रॉक अल्बम काढला तेव्हा चर्चवाल्यांना तो सैतानी वाटला आणि रॉकवाल्यांना भाबडा. पंधरा वर्षांत त्याचा एक स्वतंत्र उद्योग झाला: ख्रिस्ती रेडिओ, ख्रिस्ती गाण्यांच्या याद्या, ख्रिस्ती पुरस्कार, मॉलमधली ख्रिस्ती दुकानं. तुम्हाला हेवी मेटल आवडतं? मग पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घालून प्रेक्षकांत बायबलं भिरकावणारा स्ट्रायपर हा बँड आहे. गायिका एमी ग्रँटचा १९८२ चा अल्बम दहा लाखांवर खपला. १९९१ मध्ये तिचं एक साधंसुधं प्रेमगीत बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं आणि इव्हँजेलिकलांतल्या काहींना धक्का बसला, की यात येशू कुठे आहे? १९९९ मध्ये तिचा घटस्फोट झाला तेव्हा काही ख्रिस्ती केंद्रांनी तिची गाणीच बंद केली. बाजार मोठा झाल्यावर मोठे व्यापारी येणारच. बायबलं छापणारी झोंडरवन ही संस्था १९८८ मध्ये हार्पर अँड रोने (पुढची हार्परकॉलिन्स), म्हणजे रुपर्ट मरडॉकच्या उद्योगाने विकत घेतली. ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’ या सर्वाधिक खपाच्या इंग्रजी बायबलांपैकी एकाचे अमेरिकेतले हक्क तेव्हापासून त्या घरात आहेत.

या बाजाराचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे एक मनगटपट्टी. १८९६ मध्ये कॅन्ससच्या टोपेका गावात चार्ल्स शेल्डन हे पाळक रविवार संध्याकाळी आपल्या मंडळीला एक कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचून दाखवत. तिच्यातल्या गावातली माणसं ठरवतात, की वर्षभर कोणतंही काम करण्याआधी विचारायचं, माझ्या जागी येशू असता तर काय केलं असतं? वर्तमानपत्राचा संपादक दारूच्या जाहिराती बंद करतो, खप घसरतो. रेल्वेतला अधिकारी कंपनीची बेकायदा लबाडी उघड करून नोकरी सोडतो. प्रश्न विचारणाऱ्याचा खिसा रिकामा होतो, हीच त्या गोष्टीतली गंमत आणि कडवटपणाही. शेल्डन यांच्या प्रकाशकाकडून स्वामित्वहक्काची नोंद नीट झाली नाही. पुस्तक अफाट खपलं, इतर प्रकाशकांनी ते मनसोक्त छापलं, आणि शेल्डनना त्यातलं जवळजवळ काही मिळालं नाही.

१९८९ मध्ये मिशिगनच्या हॉलंड गावातल्या एका चर्चमधल्या युवक-कार्यकर्तीला वाटलं, मुलांना हा प्रश्न आठवत राहावा. तिने जवळच्या कारखान्यातून ‘What Would Jesus Do?’ या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं विणलेल्या कापडी पट्ट्या करून घेतल्या. मुलांनी त्या मित्रांना दिल्या. नव्वदच्या दशकात त्या कोटीच्या पुढे खपल्या; मग त्याच आद्याक्षरांचे टी-शर्ट, कॉफीचे मग, किल्ल्यांच्या साखळ्या, टोप्या निघाल्या. तिने हक्क नोंदवलेले नव्हते. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या दोघांनाही पैसे मिळाले नाहीत, यात शेल्डननी कदाचित समाधान मानलं असतं. पण मधल्या शंभर वर्षांत त्या प्रश्नाचं काय झालं बघा. धंद्यातला नफा सोडायला लावणारा प्रश्न आता दोनेक डॉलरला मिळत होता आणि मनगटावर छान दिसत होता.

*

दुकानापाठोपाठ चर्चचीच पाळी आली. रॉबर्ट शुलर यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात गाडीतून सिनेमा बघण्याच्या मैदानात, खाण्याच्या स्टॉलच्या छपरावर उभं राहून प्रवचनं सुरू केली. लोक गाडीतच बसून ऐकत. त्यांचं अनुकरण करत बिल हायबल्स यांनी शिकागोच्या उपनगरात दारोदार हिंडून विचारलं, तुम्ही चर्चला का जात नाही? उत्तरं आली: कंटाळा येतो, पैसे मागतात. १९७५ मध्ये त्यांनी भाड्याच्या चित्रपटगृहात विलो क्रीक चर्च सुरू केलं. नाटुकली, बँड, रोजच्या जगण्यावरचं बोलणं. क्रूस, कॉयर, बाकडी वगैरे अडचणी बाजूला. हे प्रारूप जगभर गेलं. २००७ मध्ये विलो क्रीकने स्वतःच पाहणी केली आणि प्रामाणिकपणे निकाल छापला, की आमच्या कार्यक्रमांना लोक जितके जास्त येतात तितकी त्यांची श्रद्धा खोल होते असं काही दिसत नाही. २०१८ मध्ये हायबल्स यांना स्त्रियांशी गैरवर्तनाच्या आरोपांनंतर पायउतार व्हावं लागलं. आरोप त्यांनी नाकारले. शुलर यांचं काचेचं क्रिस्टल कॅथीड्रल २०१० मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि कॅथलिक धर्मप्रांताने ते विकत घेतलं. आज तिथे मिस्सा होते.

ह्यूस्टनच्या लेकवुड चर्चची उपासना यूट्यूबवर कोणालाही पाहता येते. पुण्यात बसून मी ती पाहिली आहे. ही इमारत म्हणजे ह्यूस्टन रॉकेट्स या बास्केटबॉल संघाचं जुनं मैदान. १९५९ मध्ये गुरांच्या खाद्याच्या बंद पडलेल्या दुकानात सुरू झालेलं हे चर्च २००५ मध्ये सोळा हजार आसनांच्या या जागेत आलं. डागडुजीला दहा कोटी डॉलरच्या घरात खर्च आला. मंचावर दोन्ही बाजूंना धबधबे, मध्ये फिरणारा सोनेरी पृथ्वीगोल. क्रूस शोधावा लागतो. तिथले पाळक जोएल ऑस्टीन हसतमुखाने एक विनोद सांगतात, मग सगळ्यांना बायबल उंच धरून प्रतिज्ञा म्हणायला लावतात, आणि पुढचा अर्धा तास तुमची वेळ येणार आहे, देव तुमच्यासाठी दार उघडणार आहे हे निरनिराळ्या तऱ्हांनी सांगतात. पाप, क्रूस, न्याय हे शब्द फारसे कानावर पडत नाहीत. कट्टर इव्हँजेलिकल मंडळींना हा माणूस आपला वाटत नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण हायबल्सनी गिऱ्हाइकाला काय नको ते विचारलं होतं. त्या वाटेने चालत गेलं की ऑस्टीन यांचं दार लागतं. कॅमेरा वळतो तेव्हा प्रेक्षकांत गोरे, काळे, मेक्सिकन असे सगळे एकत्र दिसतात. अमेरिकेतल्या चर्चमध्ये हे दृश्य दुर्मीळ आहे, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

*

राजकारणाकडे मी मुद्दाम उशिरा वळतोय, कारण ते या बाजारामागून आलं असं मला वाटतं. दक्षिणेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने १९७१ मध्ये ठराव केला होता, की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. आज हे सांगितलं तर तिथलेच लोक विश्वास ठेवत नाहीत. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला तेव्हा मुख्य ओरड कॅथलिकांची होती. इव्हँजेलिकल पुढारी आधी तापले ते करसवलतीवरून. वंशभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची सवलत सरकारने काढायला सुरुवात केली. १९७६ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाची गेली आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सरकारच्या बाजूने निकाल दिला. रँडल बामर हे इतिहासकार म्हणतात की चळवळीचं खरं मूळ इथे आहे, गर्भपात हा नंतर सापडलेला झेंडा. इतरांना हे एकांगी वाटतं. धर्मचिंतक फ्रान्सिस शेफर यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चित्रफिती आणि पुस्तकांतून गर्भपाताविरुद्ध जे वातावरण तापवलं त्याचं वजन ते दाखवतात. मला दोन्ही धागे खरे वाटतात, पण क्रम बामर सांगतात तोच.

१९७६ मध्ये ‘नवा जन्म’ झालेला माणूस, जिमी कार्टर, राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. रविवारी बायबलवर्ग घेणारा, घटस्फोट न झालेला बॅप्टिस्ट. चारच वर्षांत पाळक जेरी फॉलवेल यांच्या ‘मॉरल मेजॉरिटी’ या संघटनेने त्याला सोडून हॉलिवूडच्या, एकदा घटस्फोट झालेल्या रोनाल्ड रेगन यांना उचलून धरलं. फॉलवेल यांच्या हाताशी दूरचित्रवाणी होती, पत्त्यांच्या याद्या होत्या, देणग्या मागणारी पत्रं होती. ज्या यंत्रणेने गाणी आणि पुस्तकं विकली त्याच यंत्रणेने आता भीती विकायला घेतली, आणि भीतीचा खप जास्त होता. १९९५ मध्ये टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांनी जगाच्या अंतावरची कादंबरीमालिका सुरू केली; तिच्या सहा कोटींवर प्रती गेल्या.

२०१६ च्या मतदानोत्तर चाचणीत गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी ८१ टक्क्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिल्याचं दिसलं. ‘गोऱ्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा. बायबल, क्रूस, नवा जन्म या सगळ्यावर तितकाच विश्वास असलेले काळे प्रॉटेस्टंट मोठ्या बहुमताने उलट बाजूला मत देतात. श्रद्धा एक, मतपेटी दोन. १९ डिसेंबर २०१९ रोजी ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’चे संपादक मार्क गॅली यांनी ट्रम्प यांना पदावरून दूर करावं असा अग्रलेख लिहिला. हे मासिक बिली ग्रॅहम यांनीच १९५६ मध्ये काढलेलं. त्यांचे चिरंजीव फ्रँकलिन यांनी लगोलग जाहीर केलं, की वडिलांनी २०१६ मध्ये मत ट्रम्प यांनाच दिलं होतं. गॅलींचा अग्रलेख जगभर गाजला आणि मतांवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही.

रसेल मूर हे सदर्न बॅप्टिस्टांचे सार्वजनिक प्रश्नांवरचे अधिकृत प्रवक्ते होते. २०२१ मध्ये ते त्या संघटनेतून बाहेर पडले. त्यांनी एका मुलाखतीत सांगितलेली गोष्ट सगळीकडे फिरली. अनेक पाळकांचा अनुभव असा, की प्रवचनात दुसरा गाल पुढे करण्याचं वचन आलं की नंतर कोणीतरी येऊन विचारतं, हे डाव्या लोकांचे मुद्दे कुठून आणले? पाळक सांगतात, हे येशूचे शब्द आहेत. त्यावर माणूस ओशाळत नाही. ते आता चालत नाही, असं म्हणतो. मेंढपाळ कळपाच्या पुढे चालतो असं बायबल सांगतं. इथे कळप पुढे गेलाय. अशा मंडळीतल्या अमेरिकन पाळकाला बहुधा वरून पगार येत नाही, बिशप नेमत नाही. मंडळी उठून रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये गेली की त्याची नोकरी संपते. त्याच्या माणसांचे कान रोज तासन्‌तास दूरचित्रवाणी आणि फोनवाल्यांकडे असतात, त्याच्याकडे रविवारचा अर्धा तास. अशा माणसाला भित्रा म्हणणं सोपं आहे.

किंमत मोजणारे मात्र वेगळेच निघाले. २०१९ मध्ये टेक्सासच्या दोन वृत्तपत्रांनी शोध घेऊन दाखवलं, की वीस वर्षांत सदर्न बॅप्टिस्ट चर्चमधल्या सुमारे ३८० पाळक, कार्यकर्ते आणि स्वयंसेवकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, बळी सातशेवर. २०२२ च्या चौकशी अहवालात आलं की संघटनेच्या वरिष्ठांनी तक्रारदारांना वर्षानुवर्षं टोलवलं, आणि आरोपींची यादी मात्र गुपचूप ठेवली होती. तरुण पिढीला ‘पवित्रतेची’ शपथपत्रं भरायला लावणारे हेच लोक. डेटिंग करू नये असं सांगणारं जोशुआ हॅरिस यांचं १९९७ चं पुस्तक एका पिढीने अक्षरशः पाळलं. २०१८ मध्ये हॅरिसनी ते मागे घेतलं आणि पुढच्या वर्षी आपण ख्रिस्ती राहिलो नाही असं जाहीर केलं. २००६ मध्ये अमेरिकेत गोरे इव्हँजेलिकल २३ टक्के होते, २०२० पर्यंत ते साडेचौदावर आले.

घसरण दिसल्यावर उपाय काय सुचला? जाहिरात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, जिथे तीस सेकंदांना लाखो डॉलर पडतात, तिथे येशू तुम्हाला समजून घेतो असं सांगणाऱ्या दोन जाहिराती झळकल्या. पैसा देणाऱ्यांत हॉबी लॉबी या दुकानसाखळीचे मालक होते. डाव्यांना ढोंग वाटलं, उजव्यांना येशू फारच मवाळ वाटला.

याच मुशीतून एक चांगली गोष्टही निघाली, हे सांगायलाच हवं. ‘द चोझन’ या येशूवरच्या मालिकेसाठी प्रेक्षकांनीच एक कोटीवर डॉलर जमवले. ती पाहिली. शिष्य कर्जबाजारी आहेत, भांडतात, विनोद करतात. मत्तय आकड्यांत बोलणारा अवघडलेला मुलगा आहे. ख्रिस्ती सिनेमाचा नेहमीचा पोवाडा इथे नाही. दिग्दर्शक डॅलस जेन्किन्स हा जगबुडीच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या जेरी जेन्किन्स यांचा मुलगा. बापाने लोकांना घाबरवून विकलं, मुलाने माणसं रंगवून.

*

अमेरिकनांनी सुवार्तेबरोबर आपली जीवनशैली बांधून पाठवली, ही टीका बाहेरच्यांची नाही. जुलै १९७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात ग्रॅहम यांनीच भरवलेल्या जागतिक परिषदेत दक्षिण अमेरिकेतले रेने पादिया यांनी ती भर मंचावरून केली. कार्ल हेन्रींच्या प्रश्नाला सत्तावीस वर्षांनी दाद मिळाली: सामाजिक जबाबदारी हा ख्रिस्ती कर्तव्याचा भाग आहे, असं परिषदेच्या जाहीरनाम्यात आलं. अमेरिकेत पाचच वर्षांत फॉलवेल आले.

आपल्याकडे या प्रश्नाला त्याआधीच दोन उत्तरं दिली गेली होती. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली, विधवा रात्ररात्र रडत, गात, प्रार्थना करत राहिल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचा गाजलेला जागर याच्या पुढच्या वर्षीचा. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या एका मैत्रिणीला पाठवली आणि १९०९ मध्ये तिथे पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी, चळवळ उभी राहिली. या चळवळीची ठिणगी अमेरिकेतून इकडे आली असं धरून चालणाऱ्यांनी केडगावचा हा पत्ता लक्षात ठेवावा. आणि तिथे प्रार्थनेच्या खोलीशेजारी छापखाना, विहिरी, गाईंचा गोठा होता. मुली अक्षरं जुळवायला शिकत होत्या. आत्म्याचं एक खातं आणि समाजाचं दुसरं, अशी विभागणी रमाबाईंना सुचलीच नाही.

दुसरं उत्तर नारायण वामन टिळकांचं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला अभंगात, ओवीत, कीर्तनात आणलं. हे उसनवारीचं काम नव्हतं. टिळक वारकरी संतांच्याच बोलीत वाढले होते, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या, न घेतलेल्या सगळ्यांसाठी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दोन वर्षांनी ते गेले. दरबार फार टिकला नाही. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली त्यांची गाणी टिकली.

आज पुण्या-मुंबईत हॉटेलांच्या सभागृहांत भरणाऱ्या इंग्रजी उपासनांमध्ये पडद्यावर शब्द सरकत असतात आणि गाणी सिडनीच्या हिलसाँगची, नाहीतर कॅलिफोर्नियाच्या बेथेलची. मराठी मंडळ्यांच्या युवक सभांतही त्यांचे मराठी-हिंदी अवतार ऐकू येतात. पोरांना ती आवडतात. चाली उचलून धरणाऱ्या आहेत. ती पडद्यावर दाखवायला नियमाप्रमाणे परवाना काढावा लागतो आणि त्याचे पैसे हक्कधारकांकडे जातात. टिळकांच्या गाण्यांना परवाना लागत नाही. पुण्यातल्या किती मंडळ्या तो परवाना काढतात, हा भाग निराळा.